घाण पाहायला येणारे साहेब

कडी तुटलेली बादली.

शेजारणीकडून मागून आणलेल्या काचेच्या कपबश्या.

कमरेचा पट्टा. घट्ट बांधला तर श्वास अडकतो, सैल बांधला तर कंबर.

बँकेच्या साहेबांचे पांढरे बूट.

आणि गॅरेजांच्या गल्लीमागचा, काळ्या ऑइलने तुंबलेला नाला.

हे सगळं एकाच माणसाच्या मानगुटीवर बसलं होतं. गल्लीत त्याला नालेवाला म्हणत. तेलकट गाळ उपसणं हा त्याचा धंदा, आणि तो आजवर बादलीनेच चालल्यामुळे कंबर पार कामातून गेली होती. डॉक्टर म्हणाले होते, आता बादली उचललीस तर माझ्याकडे यायलाही उठणार नाहीस. आशा एकच उरली होती, गाळ ओढणारं मशीन. अशा सफाईच्या छोट्या धंद्यांना बँकेने कर्ज द्यायचं आणि हमी सरकारने घ्यायची, अशी योजना निघाली होती. फक्त साहेब एकदा घाण डोळ्यांनी पाहणार होते.

पाहणीच्या सकाळी तो पट्टा आवळून नाल्यावर पोचला आणि जागीच थिजला. नाला लख्ख. काठावर बायको आणि मेव्हणा, कोपरापर्यंत काळे.

"दोन दिवस खपलो, दाजी," मेव्हणा म्हणाला. "तुम्हाला बोललो नाही. तुम्ही उठून बादली धरली असती."

"अरे, त्यांना घाणच बघायची होती."

"म्हणून काय घाण दाखवायची?" बायको म्हणाली. "मोठा माणूस पहिल्यांदा येणार. आमच्या माहेरी नाही हो असं चालत."

माहेर शेजारीच उभं राहून मान डोलावत होतं.

साहेब आले. वाकून पाहिलं. "घाण कुठंय?"

"काढली."

"कशाने?"

"बादलीने."

"मग मशीन कशाला हवंय?"

याचं उत्तर नालेवाल्याच्या कमरेत होतं, पण ते तपासायची सोय योजनेत नव्हती. साहेबांनी काचेच्या कपातून चहा घेतला आणि मंगळवारी दुसरी घाण दाखवायला सांगितली.

"काढून पिंपात भरलेला गाळ परत ओतू का?" साहेब गेल्यावर मेव्हण्याने विचारलं.

"तो गुन्हा आहे. आणि परत काढणार कोण?"

म्हणून नालेवाला कोपऱ्यावरच्या गॅरेजच्या मिस्त्रीकडे गेला. "मिस्त्री, तुमच्या मागचा चर तुंबलाय ना? मंगळवारी सरकारी योजनेचे साहेब बघायला येतायत."

"कुठला चर?"

"तुम्ही उभे आहात तो."

मिस्त्रीने खाली पाहिलं आणि पाय बाहेर काढला. "हा आत्ताच झालाय."

"अहो, ते दंड करायला नाही, कर्ज द्यायला येतायत."

"सरकारी माणूस द्यायला येतो होय? तू पाहिलायस कधी?"

नालेवाल्याने शपथ घेऊन सांगितलं, त्यामुळे मिस्त्रीचा संशय पक्का झाला. बातमी गल्लीच्या टोकाला पोचेपर्यंत साहेबांबरोबर टाळं ठोकणारी माणसंही निघाली होती. इतकी वर्षं हातापाया पडूनही न हललेले गॅरेजवाले पँटी दुमडून चरांत उतरले. गाळ पिंपांत भरला गेला, फरश्या घासल्या गेल्या. एकाने तर चराच्या काठाला रंग दिला. मंगळवारी गल्लीत नालेवाल्याला दाखवण्यासारखं काहीही उरलं नाही.

साहेब गल्लीभर फिरले. बूट पांढरेच राहिले. "काय काम केलंय हो तुम्ही."

"मी नाही केलं, साहेब."

"कळलं, कळलं. मी वर कळवतो, योजनेचा परिणाम कर्ज देण्याआधीच दिसतोय. तेव्हा कर्ज तूर्त थांबवू."

नालेवाल्याने पट्टा आवळला. भांडायलाही कंबर लागते.

"एक करा," साहेब निघता निघता म्हणाले. "पुढच्या महिन्यात मला दुसऱ्या भागात पाहणी आहे. आधी जाऊन तिथे सांगून याल, मी येतोय म्हणून? दिवसाचा रोज सुटेल तुमचा."

"काही उचलावं लागेल?"

"काही नाही."

तो हो म्हणाला.

पहिल्या पाहणीच्या सकाळी नाल्याच्या वळणावर खाटेएवढ्या जागेत, साहेबांना दाखवण्यापुरता गाळ उरला होता. बायकोने त्यावर पत्रा टाकून फुलझाडांच्या कुंड्या मांडल्या होत्या.