दिपमालाचे रेट

"फुकट पैसे मिळणार नाहीत," लीलाधरने पोरीला सांगितलं. "आधी काम, मग पैसे. जगात कुणी कुणाचं काम फुकट करत नाही."

दहा वर्षांच्या दिपमालाने फक्त कंपासपेटी मागितली होती. पण बायको कोकिळा वारल्यापासून पोरीला वळण लावणं एकट्या लीलाधरच्या गळ्यात आलं होतं. कोकिळाच्या आईने, धुळ्याच्या ताईबाईंनी, तेराव्यालाच बजावलं होतं, "पोर संभाळता नही उनी तं मी तिले धुयाले लई जासू." म्हणून त्याने मोबाईलवर मुलांना पैशाचं महत्त्व शिकवणारे व्हिडिओ बघितले आणि सुरुवात केली.

"भांडी घासायचे किती?" दिपमालाने विचारलं.

"पाच रुपये."

ती बाहेर जाऊन आली. "सुंदरकाकू दहा देतात."

पोर हुशार आहे, असं वाटून लीलाधरची छाती फुगली. ती फुगलेली छाती दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत टिकली. शेजारच्या सुंदरबाई वरण-बट्टीचा डबा घेऊन दारात उभ्या राहिल्या.

"लीलाधरभाऊ, तंगी होती तं सांगतं ना! पोरीले काऊन कामाले लावलं? तिनं भांडे मांगले घासाले, मी तं रडलीच."

"तंगी नाही हो अक्का. शिक्षण आहे ते."

"हो ना, शिक्षणाले बी पैसे लागताच," असं म्हणून सुंदरबाईंनी डोळे पुसले आणि ही बातमी गल्लीभर केली. जेवायच्या वेळेपर्यंत चार घरांतून कळण्याची भाकरी आली. नको म्हणावं तर लोक आणखी हळहळत होते. लीलाधर मान खाली घालून जेवला.

तो रतनलाल सेठच्या बियाण्यांच्या दुकानात हिशेब लिहायचा. शुक्रवारी सेठने भरल्या दुकानात हाक मारली.

"लीलाधर, पगार पुरत नव्हता तर मला बोलायचं. काल तुझी छोरी घरी आली. म्हणे, शेंगा फोडून देते, किलोला वीस."

"सेठ, गैरसमज होतोय..."

"अरे, लाज कसली?" सेठने पाचशेची नोट त्याच्या खिशात कोंबली. दोन गिऱ्हाइकांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. जामनेरात आता तोंड दाखवायला जागा राहिली नव्हती.

शनिवारी ताईबाई धुळ्याहून आल्या. पिशवी खांद्यावरून उतरवायच्या आधीच सुरू झाल्या.

"हाई काय शे जवाईबापू? बठ्ठी गल्ली सांगी राहिनी, पोर लोकेसना घर काम मांगत फिरस! दिपमाला, कपडा भर. आपले धुयाले जानं शे."

दिपमाला जागची हलली नाही.

"मला नाही जमणार, आजी. पप्पांचा पगार द्यायचाय."

"कोना पगार?"

दिपमालाने दहा-वीसच्या चुरगळलेल्या नोटा लीलाधरसमोर ठेवल्या. "पप्पा, हे भाकरीचे. हे युनिफॉर्मच्या इस्त्रीचे. वेणीचे कमी धरलेत, तुमची वेणी शाळेत जाईपर्यंत सुटते."

ताईबाईंनी तोंडाला पदर लावला, पण हसू फुटलंच. लीलाधरच्या जिवात जीव आला. पोर कुठे जात नव्हती.

"बरोबर आहे ना रेट?" दिपमालाने विचारलं. "मला माहीत नव्हता, म्हणून अंदाजे धरला. पप्पा, तुम्ही आईला महिन्याला किती द्यायचे?"

लीलाधर नोटा मोजू लागला.

ताईबाईंचं हसू थांबलं. त्यांनी पिशवी खाली ठेवली, भिंतीला पाठ टेकून नीट मांडी घातली आणि जावयाकडे तोंड केलं.

"सांगा जवाईबापू," त्या म्हणाल्या. "माले बी ऐकनं शे."