तिसरा चौकोन

सुमियाती टीचर कुठलाही फॉर्म भरण्याआधी पर्समधून सहा इंची पट्टी काढायच्या. जिथं 'हो' आणि 'नाही' असे दोन चौकोन छापलेले असत, तिथं पट्टी लावून शेजारी त्याच मापाचा तिसरा चौकोन आखायच्या, त्यापुढे 'अजून नाही' असं इंग्रजीत लिहायच्या आणि त्यातच खूण करायच्या.

शारजातल्या एका खासगी शाळेत मी ऑफिस क्लार्क होतो. शिक्षकांच्या फायली माझ्याकडे असत, त्यामुळे या तिसऱ्या चौकोनाचा जाच मलाच. अरबी येतं का? अजून नाही. पूर्वी कधी नाव बदललंय का? अजून नाही. कधी अटक झाली होती का? अजून नाही. या शेवटच्या उत्तरापायी शाळेची सरकारी कामं करणाऱ्या आमच्या पीआरओला कचेरीत दोन तास बसवून ठेवलं होतं.

मी एकदा हात जोडून म्हटलं, "टीचर, सरळ 'नाही'वर खूण करा ना."

"आमच्या इंडोनेशियात, जावा बेटावर, असं तोंडावर नाही म्हणत नाहीत रे पाटणकर. 'नाही' म्हणजे दार लावलं. माणूस जिवंत आहे तोवर दार कशाला लावायचं?"

हे त्या मराठीत बोलायच्या. नवरा, इब्राहिमभाई, श्रीवर्धनचा, मालवाहू जहाजावर भंडारी, म्हणजे स्वयंपाकी. सुरबायाच्या बंदरात दोघांची गाठ पडली. लग्नानंतर दोन वर्षं त्या श्रीवर्धनला सासूजवळ राहिल्या आणि सासूची मराठी जशीच्या तशी उचलून आल्या. त्यामुळे मराठी माणूस दिसला की तो पीआरओ असो नाहीतर पालकसभेचा अध्यक्ष, सरसकट 'तू' आणि 'रे'. इब्राहिमभाई वर्षातले दहा महिने पाण्यावर. मूल नव्हतं. स्टाफरूममध्ये एका नव्या बाईंनी डबा खाता खाता विचारलं होतं, मुलं किती? टीचर तेव्हा सत्तेचाळीस वर्षांच्या होत्या. "अजून नाही," त्या म्हणाल्या आणि भात कालवत राहिल्या.

त्यांचं दुसरं वेड म्हणजे पाठ-टाचण. त्यांच्या देशात नुसत्या पदवीवर शिक्षक होता येत नाही, वर शिकवण्याचा वेगळा परवाना लागतो. त्याला 'अक्ता' म्हणतात. त्यासाठी त्यांनी खेड्यात राहून सराव-पाठ घेतले होते, मागच्या बाकावर वही घेऊन बसलेल्या परीक्षकासमोर. ती शिस्त त्यांच्या हाडात मुरली होती. मुलांकडे पाठ न करता त्या फळ्यावर लिहायच्या, तिरक्या उभ्या राहून. आणि जगातल्या प्रत्येक गोष्टीचं उद्दिष्ट विचारायच्या. शारजाच्या मासळी बाजारात मी कुपा घ्यायला उभा होतो तर मागून आवाज आला, "पाटणकर, उद्दिष्ट काय? कालवण की तळायला?" मी कालवण म्हणालो. त्यांनी माझ्या हातातला मासा परत ठेवला आणि दुसरा दिला.

तिसरी गोष्ट सांगायलाच हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. वर्गात कोणी खोडी केली तर त्या कधी नाव विचारत नसत. एकदा कोणीतरी त्यांच्या खुर्चीवर गोंद ओतला. टीचर तीन दिवस उभ्यानं शिकवत राहिल्या. ज्यानं केलं त्याच्याकडे त्या एकदाही पाहत नव्हत्या आणि त्याला कळत होतं की यांना कळलंय. चौथ्या दिवशी पोरगं आपणहून उभं राहिलं. माझी मृण्मयी तेव्हा तिसरीत, त्याच वर्गात. घरी येऊन म्हणाली, "Papa, Miss just waited."

नव्वदच्या दशकाच्या शेवटी हुकूम आला. प्रत्येक शिक्षकाचं मूळ प्रमाणपत्र आपापल्या वकिलातीतून शिक्के मारून आणा, नाहीतर वर्गावर उभं राहता येणार नाही. टीचरनी बिस्किटांच्या डब्यातून अक्ता काढून माझ्या टेबलावर ठेवली. जाड पिवळसर कागद, कोपऱ्यात तरुण सुमियातीचा फोटो, खाली कुलगुरूंची सही. एक कडा फाटायला आली होती.

"जपून रे. हा कागद जन्मात एकदाच देतात. हरवला तर नुसतं पत्र मिळतं."

त्याच आठवड्यात ऑफिसात लॅमिनेशनचं मशीन आलं होतं. ते चालवणारा शाळेत मी एकटाच. दोन दिवसांत मी वेळापत्रकं लॅमिनेट केली, बसचे पास केले, मृण्मयीनं काढलेला उंट केला, पार्किंगची पाटी केली. तिसऱ्या दिवशी माझ्या कपाटावर एसीचं पाणी गळालं. आत अक्ता होती. तिला काही झालं नव्हतं, पण मला वाटलं, आपण ही लॅमिनेट करून कायमची सुरक्षित करू. उद्दिष्ट चांगलं होतं. बाकी मी गाढव होतो.

वकिलातीतल्या माणसानं कागद उलटा केला, नखानं टकटक वाजवला आणि विचारलं, शिक्का कुठे मारू? प्लॅस्टिकवर शाई बसत नाही. कितीतरी वर्षं फायली सांभाळणाऱ्या क्लार्कला हे ठाऊक नसावं? होतं. मशीनच्या नादात विसरलो. घरी येऊन बायकोच्या हेअर ड्रायरनं प्लॅस्टिक सोडवायला गेलो. प्लॅस्टिक निघालं, पण फोटो आणि कुलगुरूंची अर्धी सही बरोबर घेऊन.

दुसऱ्या दिवशी प्रिन्सिपल मॅडमनी विचारलं तेव्हा मी म्हणालो, "मॅडम, आलं तेव्हाच लॅमिनेट केलेलं होतं. त्यांच्याकडे तशीच पद्धत आहे. शिक्क्यासाठी प्लॅस्टिक सोडवलं तर हे असं झालं."

मॅडमनी टीचरना बोलावलं. मी तिथंच उभा. मॅडम म्हणाल्या, असं कसं केलंत तुम्ही? टीचरनी आधी कागदाकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहायचं टाळलं. गोंदाच्या वेळी टाळलं होतं तसंच. त्या माझ्यासाठी थांबल्या होत्या. मी उभा होतो, पण उभा राहिलो नाही.

"कागद खराब झाला, हे खरं," एवढंच त्या इंग्रजीत म्हणाल्या.

खलास. पंचवीस वर्षं शिकवलेली बाई लायब्ररीत पुस्तकांना नंबर चिकटवायला बसली. जावाहून पत्र आलं, पण तोवर तिथली शिक्षक घडवणारी संस्था विद्यापीठ झाली होती. पत्रावर नवीन नाव, फाटक्या कागदावर जुनं. इकडच्या कचेरीनं दोन्ही परत केले.

प्रिन्सिपल मॅडमनी मधला मार्ग सुचवला. वर्ग तुम्हीच घ्या, रजिस्टरवर दुसऱ्या टीचरचं नाव राहील, तपासणीच्या दिवशी तेवढं लायब्ररीत बसा. अशा तडजोडी तेव्हा कुठे होत नव्हत्या? टीचरनी विचारलं, उद्दिष्ट काय? मॅडम म्हणाल्या, तुमचा वर्ग तुमच्याकडे राहील. टीचर म्हणाल्या, जी मुलांना खोटं बोलू नका सांगते तिनं रोज सकाळी दुसऱ्याच्या नावानं हजेरी घ्यायची? माझा वर्ग मी माझ्या नावानं परत घेईन. आणि निघता निघता माझ्या टेबलापाशी थांबून मराठीत म्हणाल्या, "परवाना पाहिजे ना यांना? दुसऱ्यांदा काढते. मला शिकवता येतं हे दोनदा सिद्ध करीन. हे लोक एकदा तरी करतील का, विचार त्यांना."

एका भारतीय विद्यापीठाचा पत्रद्वारे बी.एड. होता, त्याचे वर्ग दर शुक्रवारी दुबईत भरत. एकोणपन्नासाव्या वर्षी त्यांनी नाव घातलं. फॉर्मवर आडनावाचा रकाना होता आणि जावातल्या पुष्कळ माणसांसारखं यांना एकच नाव. तो रिकामा ठेवून चालेना, म्हणून त्या तिथं 'सुमियाती सुमियाती' झाल्या. "बघ," मला म्हणाल्या, "दोन परवाने, दोन नावं. हिशेब बरोबर."

सराव-पाठांना मार्गदर्शक म्हणून कोण यावं? पुण्याची शीतल. चार वर्षांपूर्वी ती आमच्याच शाळेत नोकरीला लागली तेव्हा खडू कसा धरायचा इथपासून टीचरनीच तिला शिकवलं होतं. आता टीचर पुढे उभ्या आणि शीतल मागच्या बाकावर वही घेऊन. पहिल्या पाठानंतर शेऱ्याच्या रकान्यात काय लिहावं हे शीतलला कळेना, डोळे भरून आले तिचे. टीचरनीच शेरा सांगितला. "लिही, फळ्यावरची ओळ उजवीकडे उतरते. माझी कायमच उतरते. कोणी लिहीतच नाही."

मृण्मयी सातच्या पाढ्यात सात सक बेचाळीसपाशी अडायची. मधल्या सुट्टीत ती डबा घेऊन लायब्ररीत टीचरजवळ जाऊन बसू लागली. वर्षअखेर पाढा झाला. मी टीचरना थँक यू म्हणालो. बाकी काही म्हणालो नाही. ती दोन वर्षं मी रोज त्यांना गुड मॉर्निंग म्हणत होतो.

दोन हजार एकमध्ये निकाल लागला. प्रथम वर्ग. सगळे शिक्के मिळाले, वर्ग परत मिळाला. स्टाफरूममध्ये चहा-समोसे झाले. प्रिन्सिपल मॅडम हसत म्हणाल्या, टीचर, यल्ला, चला, हे मात्र लॅमिनेट करू नका हं. सगळे हसले. मी समोसा खात बसलो होतो. बसूनच राहिलो.

संध्याकाळी शाळा सुटल्यावर टीचर ऑफिसात आल्या. नवं प्रमाणपत्र माझ्या टेबलावर ठेवलं.

"मशीन चालू कर. आता कोणी शिक्का मारायचा राहिला नाही."

मशीनचा दिवा लाल होता, तापायला वेळ लागत असे. माझ्यानं बसवेना. मी खुर्चीवरून उठलो. "टीचर, तो पहिला कागद..."

"ठाऊक आहे. मीच दिला होता तुला, उघडा."

"मग मॅडमना का नाही सांगितलंत?"

त्या खिडकीबाहेर शेवटची स्कूल बस जाताना पाहत होत्या. "तुझी नोकरी गेली असती म्हणजे व्हिसा गेला असता. पोरगी अर्ध्या वर्षात परत. सातचा पाढा अर्धा होता रे तिचा." मग म्हणाल्या, "घरी बोलायला माणूस नाही मला. नंतर तर तुझी पोरगी लायब्ररीत डबा घेऊन यायची."

दिवा हिरवा झाला. मी कागद आत सरकवला. एकही सुरकुती पडली नाही. दुसऱ्या बाजूनं गरम प्रमाणपत्र बाहेर आलं तेव्हा मी विचारलं, "मला माफ केलंत का?"

"अजून नाही," त्या म्हणाल्या. "वर्गात चूक केली तर वर्गासमोर उभं राहायचं. इथं रिकाम्या ऑफिसात उभं राहून काय उपयोग?"

तीन वर्षांनी इब्राहिमभाईंनी जहाज सोडलं आणि दोघं श्रीवर्धनला गेली. शाळेत आजही जुनी माणसं ती गोष्ट सांगतात, अक्ता लॅमिनेट करणाऱ्या जावाच्या बाईची. मी कधी कोणाला अडवलं नाही.

ती बाई नव्हती. मी होतो. टीचर, उशीर झाला, पण वर्ग भरलेला आहे आणि मी उभा आहे.