पुट ऑनचा सराव

टेलरबाईंच्या डोक्यात कुठलीही गोष्ट हातांच्याच वाटेनं शिरायची. पुस्तकातलं इंग्रजी 'पुट ऑन' आठवडाभर घोकूनही बसेना, तेव्हा त्यांनी ते सरळ करून बघायचं ठरवलं.

वेळ थोडा होता. जन्मभर लोकांच्या पँटी आखूड केल्यावर आता कुठे एका मोठ्या नाट्यगृहाच्या कपडेपटात जागा निघाली होती. बाहेरच्या मंडळींशी इंग्रजीत बोलावं लागणार, म्हणून कॉम्प्युटरवर मुलाखत होती. आणि ती अर्ध्या तासावर आली होती.

"अहो, कपडे घालणं म्हणजे पुट ऑन," असं म्हणत त्यांनी स्वतः शिवलेला ओव्हरकोट अंगात चढवला. वर टोपी. "दिवा लावणं पण पुट ऑनच." दिवा लावला, पंखा लावला, गाणी लावली, विजेची किटली ठेवली.

"आणि हे काय, वजन वाढणं?" नवऱ्यानं पुस्तकात बोट ठेवलं. "याचा सराव झालेला दिसतोय."

"तुमचा!"

"रागाचा आव आणणं. हेही तेच म्हणे."

"हा आव नाहीये," बाई म्हणाल्या, आणि शब्द पक्का बसावा म्हणून त्यांनी इस्त्री आणि कपडे धुण्याचं मशीनही लावलं. मशीननं पाणी तापवायला घेतलं मात्र, फट्! पंखा थांबला, गाणं अर्ध्यावर तुटलं, कॉम्प्युटर काळाठिक्कर.

"हा अर्थ पुस्तकात नाही," नवरा म्हणाला आणि जिन्याखाली दोन्ही मजल्यांचा फ्यूज बघायला पळाला.

वरच्या मजल्यावरच्या काकू ओले केस घेऊन दारात. "अगं टेलर, काय केलंस? माझे अर्धेच केस वाळलेत!"

"काकू, भांडण नंतर. आधी हा मोबाइल धरा."

मुलाखतीची वेळ झालीच होती. मोबाइलवर कपडेपटाच्या मुख्य बाई दिसल्या. इंग्रजीत म्हणाल्या, स्वतःबद्दल सांगा. टेलरबाईंची बोटं नुसती कोटाचं बटण पिळत राहिली.

तेवढ्यात खाली फ्यूज बसला. बंद कोणी काहीच केलं नव्हतं. गाणं किंचाळलं, पंख्यानं कागदी मापं घरभर उडवली, किटली खदखदू लागली.

"व्हॉट इज हॅपनिंग?"

टेलरबाई धावल्या. "आय पुट ऑन फॅन! आय पुट ऑन म्युझिक! आय पुट ऑन एव्हरीथिंग!" गाणी तेवढी बंद करून त्या धापा टाकत परतल्या, तर मुख्य बाई डोळे पुसत हसत होत्या.

"अँड द कोट?"

कोट! टेलरबाईंनी तो काढला, उलटा केला, बाही मोबाइलला भिडवली. अस्तर कुठं सैल ठेवलं, खांदा का दुहेरी शिवला, नटानं हात वर केला तरी काख उसवणार कशी नाही, हात सगळं दाखवत गेले. जीभ मागोमाग इंग्रजीत कधी चालू लागली, ते त्यांना कळलंही नाही. काकूंनी मात्र आ वासला.

"सोमवारी या," मुख्य बाई चक्क मराठीत म्हणाल्या. "पडदा उघडायच्या आधी आमच्याकडेही असाच गोंधळ असतो. आणि तो कोट घालून या."

टेलरबाई "थँक यू" म्हणेपर्यंत मशीननं पुन्हा पाणी तापवायला घेतलं. फट्!

जिन्यातून नवऱ्याचा आवाज आला, "अगं ए! आता आधी 'बंद करणं' याचं इंग्रजी शिक!"