चौदावी आई

‘काळोखकार’ हे नाव त्याला प्रकाशन संस्थेनं दिलं होतं आणि पुस्तकांच्या काळ्या वेष्टनांवर ते शोभूनही दिसायचं. प्रत्यक्षात हा गृहस्थ एक्केचाळीस वर्षांचा, गोलमटोल, नऊच्या ठोक्याला झोपणारा आणि आईच्या हातचं पोटभर जेवणारा होता. त्याचं बालपण अत्यंत सुखात गेलं होतं. हे त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं आणि त्याला कुणी विचारलंही नव्हतं, त्यामुळे ते त्यानं लपवलं असं म्हणणं अन्यायाचं ठरेल.

तेरा ते अठरा या वयोगटासाठी त्यानं अकरा कादंबऱ्या लिहिल्या होत्या. ‘राख थंड होईपर्यंत’, ‘तळघरातली सुट्टी’, ‘माझ्या सावलीला ताप आहे’ वगैरे. संस्थेचा एक जुना नियम होता, पान तीसचा. नायक किंवा नायिकेच्या आईवडिलांपैकी निदान एकजण तिसाव्या पानाच्या आत जायला हवा, नाहीतर पोरं पुस्तक खाली ठेवतात. काळोखकारानं हा नियम इमानानं पाळला होता. अकरा पुस्तकांत त्यानं तेरा आया मारल्या होत्या, कारण दोन ठिकाणी सावत्र आईही होती.

हे सगळं पहिल्यांदा वाचायची त्याची खरीखुरी आई. अडुसष्ट वर्षांची, टेलिफोन खात्यात ऑपरेटर म्हणून आयुष्य काढलेली बाई. तिचा आवाज असा, की ती स्वयंपाकघरातून ‘हॅलो’ म्हणाली तर जिन्यातला माणूस ‘बोला’ म्हणायचा. चष्मा लावून ती हस्तलिखित वाचायची आणि पेन्सिलीनं खुणा करायची.

“ही पण तापानंच गेली. मागच्या पुस्तकातली पण तापानंच,” ती म्हणायची. “जरा डोकं चालव. हिला पुरात घाल.”

असं सगळं सुरळीत चाललं होतं आणि बाराव्या कादंबरीपाशी घोडं अडलं. संस्थेनं पडताळणी विभाग नावाचा एक नवा विभाग उघडला. कुठल्याशा लेखकानं अनाथाश्रमावर हृदयद्रावक कादंबरी लिहिली होती आणि पुढे त्याला दोन पालक, चार काका आणि एक ससा असल्याचं उघडकीला आलं होतं. वाचकांच्या भावनांची अशी फसवणूक पुन्हा होऊ नये, म्हणून प्रत्येक लेखकानं ‘स्वानुभवाचे घोषणापत्र’ भरून द्यायचं ठरलं. ज्याच्या खात्यावर एकही मान्यताप्राप्त दुःख नाही, त्याची पुस्तकं काळोखाच्या कपाटातून काढून रंगवायच्या वह्यांशेजारी ठेवण्यात येणार होती. काळोखकाराची अकराच्या अकरा पुस्तकं पणाला लागली.

पडताळणी अधिकारी सौम्य स्वभावाचे होते. त्यांनी पेनचं टोपण काढलं आणि विचारलं, “बालपणीचं दुःख सांगा.”

“एकदा शाळेच्या सहलीची बस चुकली होती.”

“किती काळ?”

“दहा मिनिटं. मग आईनं फोनवरून सगळीकडे आरडाओरडा केला आणि बस परत आली.”

अधिकाऱ्यांनी ‘किरकोळ’ या रकान्यात खूण केली. “मारहाण?”

“नाही हो.”

“निदान दुर्लक्ष तरी?”

काळोखकारानं बराच विचार केला. “एकदा माझा वाढदिवस विसरली होती. पण तो दुसऱ्या दिवशी होता हे नंतर लक्षात आलं.”

अधिकाऱ्यांनी टोपण लावलं. “पंधरा दिवसांत काहीतरी सादर करा,” ते हळहळून म्हणाले. “इतकं चांगलं लिहिता, आणि घरची परिस्थिती अशी.”

काळोखकार घरी आला तो तोंड पाडूनच. आईनं घोषणापत्र उलटंपालटं करून वाचलं आणि चष्मा पुसला.

“मी गेले असं लिही.”

“आई, काहीतरीच काय.”

“तेरा वेळा मारलंस तेव्हा हात थरथरला नाही. आता चौदाव्यांदा कसली लाज? मला काय फरक पडतो? मी आहेच की इथे.”

मृत्यूचा दाखला मागणं हे विभागाला असंवेदनशील वाटत होतं, त्यामुळे दोन साक्षीदारांच्या सह्या पुरणार होत्या. एक सही मावशीनं केली. दुसरीला कुणी मिळेना, म्हणून ती आईनंच केली. ‘मयत व्यक्तीशी आपली ओळख किती वर्षांची?’ या प्रश्नापुढे तिनं खरं तेच लिहिलं, अडुसष्ट. अधिकाऱ्यांनी या साक्षीचं विशेष कौतुक केलं. इतकी जवळून ओळख असलेला साक्षीदार त्यांना आजवर मिळाला नव्हता.

बारावं पुस्तक आलं आणि मागल्या वेष्टनावर एकच ओळ छापली होती: ‘लेखकानं आपली आई गमावली आहे.’ पोरांनी ते पुस्तक डोक्यावर घेतलं. पत्रं आली, फुलं आली, मग पोरंच यायला लागली. संस्थेनं शनिवारी अकरा ते एक ही वेळ ठरवून दिली आणि आईची रिकामी खुर्ची दर्शनी भागात मांडायला सांगितली. दार उघडायला आई असायची, शेजारीण म्हणून. ती पोरांना पाणी द्यायची, चपला नीट लावा म्हणून दटावायची आणि मयत बाई किती चांगली होती ते सांगायची. त्यात ती हात आखडता घेत नसे.

तिसऱ्या शनिवारी अधिकारी पाहणीला आले. त्यांनी खुर्चीवर तळवा ठेवला.

“खुर्ची गरम आहे.”

“शेजारीणबाई टेकतात कधीमधी,” काळोखकार म्हणाला.

“रिकामेपणाला बाधा येते. त्यांना म्हणावं, आपल्या घरी बसा.”

आता शेजारणीचं घर आणायचं कुठून? शेवटी आईनं एका पिशवीत चार कपडे भरले आणि ती दोन गल्ल्या पलीकडे मावशीकडे राहायला गेली. जाताना गॅस बंद करायची आठवण तिनं तीनदा करून दिली. फोन करायचा नाही असं ठरलं, कारण तिचा आवाज भिंतीपलीकडे गेला असता आणि भिंतीपलीकडे वाचक राहत होते.

काळोखकाराच्या आयुष्यात पहिल्यांदाच संध्याकाळी घरात कुणी नव्हतं. त्यानं दोन माणसांचा चहा केला आणि दुसरा कप समोर ठेवून तो निववला. आठ दिवसांनी त्याला जेवण जाईनासं झालं. महिन्याभरात त्याच्या शर्टाची बटणं सैल पडली, म्हणजे शर्ट तोच, आतला माणूस कमी झाला. त्याला वाईट वाटत होतं, खूप वाईट वाटत होतं, आणि ते कुठल्याही पुस्तकातल्यासारखं नव्हतं. मग त्यानं तेच लिहून काढलं. आई दोन गल्ल्यांवर जिवंत आहे आणि मुलगा तिला हाक मारू शकत नाही, कारण ती गेल्याचं त्यानंच लिहून दिलंय. सव्वाशे पानं त्यानं एका बैठकीत लिहावीत तशी लिहिली.

संपादकबाईंनी ती वाचली. “सर, पान तीस उलटून गेलं, यात कुणीच मरत नाही.”

“पण मुलगा रडतो.”

“आई जिवंत आहे, तर रडतो कशाला?”

बाईंनी हस्तलिखित परत केलं आणि त्यासोबत एक निमंत्रणपत्रिका दिली. दिवंगत आईच्या प्रथम स्मृतिदिनाचा कार्यक्रम सभागृहात ठरला होता.

कार्यक्रमाला आई आली. “माझाच कार्यक्रम, मी नको जाऊ?” असं मावशीला म्हणून ती शेवटच्या रांगेत कोपऱ्यात बसली आणि तोंड दाबून बुक्क्यांचा मार सोसावा तशी दीड तास गप्प राहिली. वाळलेला मुलगा व्यासपीठावर दिसला तेव्हा ती अर्धी उठली आणि परत बसली. मग नखं काळी रंगवलेली पंधरा वर्षांची एक वाचक मुलगी माइकसमोर आली. काळोखकाराच्या दिवंगत आईला लिहिलेलं पत्र ती वाचू लागली आणि दुसऱ्याच ओळीला तिला हुंदका फुटला. आईला ते बघवेना.

“अगं, रडू नकोस बाळा,” ती म्हणाली. “मी चांगली आहे. आणि याला आधी कुणीतरी जेवायला घाला.”

माइकची गरज पडली नाही. सगळं सभागृह मागे वळलं.

आई मिळाली म्हणून कुणाला आनंद झाला असता, तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण वाचक भडकले. ‘आम्ही जे रडलो त्याचं काय?’ अशी चारशे पत्रं संस्थेत येऊन पडली. एकानं तर आईलाच पत्र घातलं, की तुमच्या वयाला हे शोभत नाही. आठवड्यानं पडताळणी विभागाचं पत्र आलं, दोन प्रतींत.

‘विभागाच्या नोंदीत दुरुस्तीची तरतूद नाही. सबब, वस्तुस्थिती नोंदीशी जुळवून घेणे क्रमप्राप्त आहे. आपल्या मातोश्रींचे निधन कधीपर्यंत अपेक्षित आहे, ते उलटटपाली कळवावे. तारीख मुदतीत असल्यास आपली पुस्तके मूळ कपाटात ठेवण्याचा सहानुभूतीने विचार केला जाईल.’

काळोखकारानं ते पत्र हातात धरून तडक मावशीचं घर गाठलं. आई कपड्यांच्या घड्या करत होती. तिनं पत्र वाचलं आणि कपड्यांसारखीच त्याचीही घडी घातली.

“तुला मी तारीख सांगितली असती रे,” ती म्हणाली, “पण मला माहीत नाही.”

तिचा आवाज पहिल्यांदाच खोलीच्या बाहेर गेला नाही. त्यानं घड्या केलेले कपडे पिशवीत भरले, तिचा हात धरला आणि तिला घरी आणून खुर्चीवर बसवलं. दोन्ही प्रतींवर त्यानं एकच ओळ लिहिली: ‘अपेक्षित नाही.’ महिन्याअखेर त्याची बारा पुस्तकं रंगवायच्या वह्यांशेजारी गेली. तिथे त्यांना कुणी हात लावत नाही. त्याचं वजन मात्र पूर्ववत झालं.

पुढच्याच शनिवारी ती काळ्या नखांची मुलगी दाराशी आली. आईनं तिला बसवलं, पाणी दिलं. मुलीच्या हाताखाली तेच परत आलेलं हस्तलिखित लागलं. तिनं पहिलं पान वाचलं, मग शेवटचं पान उलटून पाहिलं.

“मग यात शेवटी काय होतं?” तिनं विचारलं.

“काही नाही,” आई म्हणाली. “तो तिला घरी आणतो. चहा घेणार?”

मुलीनं हस्तलिखित जागेवर ठेवलं, उशीर झालाय म्हणाली आणि गेली. तिला नावं ठेवायचं कारण नाही. शेवटी कुणीतरी जाईल याची वाट पाहणारी ती एकटीच नव्हती. म्हाताऱ्या बाईचा आवाज खोलीबाहेर गेला नाही असं वाचल्याबरोबर, आता ही जाणार, म्हणून वाचक या नात्यानं आपणही सरसावून बसला होता. आपला हिरमोड झाला असल्यास तक्रारीचा छापील नमुना पडताळणी विभागात मिळतो. त्यात शेवटी एक रकाना आहे, ‘वाचकाची स्वतःची आई: आहे / नाही’. जे लागू नसेल ते खोडायचं आहे.