सुंदरबाईंचे मांडे आणि कोपराचा ठसा

माझं नाव प्रेमराज महाजन. पिंप्राळ्यात मला ‘खान्देशचा तिसरा डोळा’ म्हणतात. म्हणजे मी म्हणतो, पिंप्राळा ऐकून घेतं. पहिले दोन डोळे कोणाचे, हे आजवर कुणी विचारलेलं नाही.

माझ्या नावावर अनेक गाजलेली प्रकरणं आहेत. पहूरच्या नथ्थू आबांची हरवलेली म्हैस मी तीन दिवसांत शोधली. ती त्यांच्याच गोठ्यात होती हे खरं, पण म्हैस हरवलेलीच नाही हे सिद्ध करायला तीन दिवस लागतातच. तुम्ही करून बघा.

माझं ऑफिस पिठाच्या गिरणीच्या वर आहे. त्यामुळे जिना चढून येणारा प्रत्येक माणूस पांढरा होऊनच येतो. पहिल्या वर्षी मी सगळ्या अशिलांना आचारी समजलो. एका वकीलसाहेबांना तर दोनशे पानांच्या पंगतीचा भाव विचारला. ते खाली गेले आणि परत आले नाहीत. त्या दिवशी मी दोन नियम केले. एक, पिठाला पुरावा मानायचं नाही. दोन, गुप्तहेराने कुणाला काही विचारायचं नाही. विचारून तर कुणालाही कळतं. मग आपलं काय कौशल्य?

माझी सहायक सारिका ही माझी मामेबहीण. ती बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे आणि अभ्यासाला माझ्याकडे येते, कारण माझ्याकडे कूलर आहे आणि गिऱ्हाईक नाही. जळगावच्या वैशाखात याहून चांगली अभ्यासिका मिळत नाही.

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधीच्या सोमवारी सुंदरबाई जिना चढून आल्या. साठीच्या, हिरवं लुगडं, दोन्ही हात कोपरापर्यंत पिठाने भरलेले. पिठाकडे मी नियमाप्रमाणे दुर्लक्ष केलं.

“भाऊ,” त्या म्हणाल्या, “खाले दळन टाकं, तवय तुनी पाटी दखी. ‘सर्व शंकांचे निरसन’. मन्ही एक शंका शे.”

“बसा.”

“टॅबलेट लेवू का लॅपटॉप?”

मी खुर्चीत मागे रेललो. एवढ्या साध्या प्रश्नामागे काहीतरी भयंकर असणार, हे मी ओळखलं. साधे लोक असले प्रश्न भाच्याला विचारतात.

“आखाजीना पहिले जोयजे,” बाई पुढे म्हणाल्या. “एकदावरच लेवाले जमी. चूक व्हयनी ते बठ्ठा मांडा फाटी जातीन. चाळीस घरनी ऑर्डर शे, भाऊ. चाळीस वरीसमा एक बी मांडा फाटना नही.”

मी वहीत लिहिलं : ‘मुदत – आखाजीच्या आत. सगळे मांडे फाटणे – सांकेतिक शब्द. चाळीस – टोळीतली माणसं.’

बाई गेल्यावर सारिकाने पुस्तकातून डोकं वर काढलं.

“भाऊ, त्या खापरावरचे मांडे करतात, त्या मोठ्या पातळ पुरणपोळ्या. आपल्याकडेही मागच्या आखाजीला त्यांचेच आले होते. तुम्ही सहा खाल्ले.”

“ते आवरण आहे.”

“मांड्याचं?”

“गुन्ह्याचं.”

“आणि त्यांच्या हातावर गिरणीचं कोरडं पीठ नव्हतं. मळलेली कणीक होती.”

“सारिका, नियम क्रमांक एक.”

“बरं. पण निदान विचारा तरी, कशाला पाहिजे ते!”

मी तिच्याकडे दयेने पाहिलं. काही लोकांना कूलर मिळतो, दृष्टी मिळत नाही.

मंगळवारी मी बाईंच्या पाळतीवर जिनेशच्या दुकानासमोर दबा धरला. जळगावात फोन, टॅबलेट, लॅपटॉप असलं सगळं विकणारं हे दुकान त्याच्या आजोबांनी, फुलचंद शेठनी, रेडिओच्या जमान्यात काढलं. शेठ आता चौऱ्याऐंशीचे. दिवसभर कोपऱ्यातल्या गादीवर पितळी तांब्या घेऊन बसतात. ऐकू कमी येतं, त्यामुळे स्वभाव शांत आहे.

“भाऊ, ती बाई आठ दिवस झाले रोज येते,” जिनेश मला हळूच म्हणाला. “मी विचारलं, मावशी, यूज काय? म्हणाली, पाहाले आनि बोलाले. मी कॅज्युअल यूज लिहून घेतलं. पण मग ती जे करते ना, ते काही कॅज्युअल नाही.”

तेवढ्यात सुंदरबाई आल्या. त्यांनी टॅबलेट काउंटरवर उभा केला आणि चार पावलं मागे सरकल्या. मग दोन्ही हात खांद्याच्या वर उचलले, तळवे पालथे केले आणि हवेत हळूहळू गोल फिरवायला लागल्या. नजर टॅबलेटवर. टॅबलेट धाडकन उताणा पडला. बाईंनी ‘च्’ केलं. मग लॅपटॉप. तो मुकाट उभा राहिला. बाईंनी पुन्हा हात वर केले, गोल फिरवले, मग पुढे वाकून बटणांवर बोट ठेवण्याऐवजी कोपर दाबलं.

मी वहीत ‘कोपर’ लिहून खाली दोन रेघा मारल्या.

“इनामा पीठ गये ते?” त्यांनी जिनेशला विचारलं.

“कीबोर्डमध्ये पीठ? मावशी, मग गेलाच तो.”

बाईंनी पुन्हा ‘च्’ केलं आणि निघून गेल्या. त्यांच्या बोलण्यातला ‘पीठ’ हा शब्द मी नियमाप्रमाणे वगळला. उरलं फक्त ‘गये ते?’ आणि ‘गेलाच तो’. वाचकहो, कुणीतरी जाणार होतं.

“कोपर!” ऑफिसात शिरताच मी ओरडलो. “सारिका, कोपर का?”

“बोटं भरलेली असतील तर—”

“कारण कोपराला ठसे नसतात!”

सारिकाने स्वतःचं कोपर वळवून वळवून पाहिलं. तिला पटलं, असं मी समजलो.

बुधवारपर्यंत माझ्याकडे तीन सिद्धांत जमले. पहिला : बाई चाळीसगावात प्रतिस्पर्धी दुकान काढणार असून हात पसरून जिनेशच्या दुकानाची रुंदी मोजतात. दुसरा : हात हलवून त्या रस्त्यापलीकडच्या केळीच्या ट्रकला खुणा करतात. हा सिद्धांत मी तपासला. मी तशाच खुणा केल्यावर ट्रक खरोखर मागे आला आणि रसवंतीच्या बाकड्यावर चढला. तिसरा सिद्धांत मी अजून कुणाला सांगितलेला नाही, कारण तो मलाच नीट समजलेला नाही.

गुरुवारी बाई मोठं गोल गाठोडं घेऊन धुळ्याच्या बसमध्ये चढल्या. मीही चढलो. ओळख पटू नये म्हणून मी काळा चष्मा, कानटोपी आणि मफलर असा साधा वेश केला होता. बाहेर चव्वेचाळीस अंश होते.

“तू बी धुये जाई ऱ्हायना का, भाऊ?” सुंदरबाईंनी शेजारची जागा पुसत विचारलं. “ताप उना का तुले?”

मी आवाज बदलून ‘हं’ म्हणालो. बाईंनी गाठोडं सोडलं. आत गोल, पातळ, घडी घातलेलं काहीतरी होतं. नकाशे! त्यांनी त्यातला एक माझ्या हातात ठेवला.

“ले, खायी ले. बहीनकरता लई जाई ऱ्हायनू. पन नीट नही व्हयनात. दख ना, बठ्ठा फाटेल शेतस.”

पुरावा नष्ट करायला लावण्याची ही पद्धत मी प्रथमच पाहत होतो. मी तो खाल्ला. मग दुसरा खाल्ला. पुरण, तूप, उन्हाची झळ आणि मफलर. तिसऱ्या नकाशानंतरचं मला आठवत नाही.

जाग आली तेव्हा बस जळगावच्या स्टँडवर होती. शेजारची जागा रिकामी. म्हणजे बस हललीच नाही आणि बाई अदृश्य झाल्या! हा निष्कर्ष मी मोठ्याने मांडत असतानाच कंडक्टर म्हणाला, “ओ कानटोपीवाले, बस धुळ्याला जाऊन परत आली. उठवलं तर ‘पुरावा, पुरावा’ करत होतात. परतीचं तिकीट काढा.”

शुक्रवारी मी सगळ्यांना जिनेशच्या दुकानात जमवलं. रहस्याचा उलगडा सर्वांसमक्ष करायचा असतो. जिनेश काउंटरमागे, शेठ गादीवर, सुंदरबाई स्टुलावर, सारिका दारात, कारण तिला क्लासला जायचं होतं. मधोमध टॅबलेट आणि लॅपटॉप.

“गुन्हेगार,” मी येरझाऱ्या घालत म्हणालो, “याच दुकानात आहे.”

“गुन्हा कोणता, भाऊ?” जिनेश.

“तो नंतर.”

मी पाऊण तास बोललो. चाळीस जणांची टोळी, केळीचा ट्रक, ठसे नसलेलं कोपर, बसमधून अदृश्य होण्याची कला. मधे एक गिऱ्हाईक येऊन चार्जर घेऊन गेलं. मी थांबलो. सुंदरबाईंनी पदराने डोळे पुसले.

“बघा,” मी म्हणालो, “कबुली.”

“परवा आखाजी शे,” त्या जिनेशला म्हणाल्या. “आते मी काय करू रे भाऊ? चाळीस घर वाट पाहतीन.”

सारिकाने बॅग खाली ठेवली. ती सरळ बाईंच्या स्टुलाजवळ जाऊन बसली आणि माझ्या बारा वर्षांच्या तत्त्वज्ञानावर पाय देऊन म्हणाली, “मावशी, तुम्हाला हे कशाला पाहिजे?”

सुंदरबाईंनी तिच्याकडे पाहिलं.

“माले कोनी इचारंच नही,” त्या म्हणाल्या.

मग त्यांनी सांगितलं. चाळीस वर्षं त्या आणि थोरली बहीण ताईबाई मिळून आखाजीचे मांडे करतात. सुंदरबाई हातांवर मांडा झेलत झेलत मोठा करतात, ताईबाई चुलीपलीकडे बसून नजर ठेवतात. कुठे पातळ झालाय, कधी थांबायचं, कधी खापरावर टाकायचं, हे सांगायचं काम ताईबाईंचं. शिव्या द्यायचं कामही त्यांचंच. यंदा ताईबाईंचा पाय मोडला आणि त्या मुलाकडे धुळ्याला अडकल्या. सुंदरबाईंनी एकटीने करून पाहिले, तर सगळे फाटले. मीच तीन खाल्ले होते.

“मन्हा फोन एवढासा,” बाईंनी दोन बोटं दाखवली. “चूलपासून अक्कानं तोंड दिसस नही, अन् तिले मांडा दिसस नही. हात मोकळा ऱ्हातस नही, मंग कॉल उना ते कोपरवरी उचलना पडी. हाऊ टॅबलेट पडी जास. अन् त्या लॅपटॉपमा पीठ जास. मंग कोन्त लेवू?”

प्रश्न खरोखरच अवघड होता. पीठ चालतं ते उभं राहत नाही आणि उभं राहतं त्याला पीठ चालत नाही. जिनेशने स्टँडचं कव्हर शोधून पाहिलं. या मॉडेलचं संपलेलं, नवं सोमवारी येणार. आखाजी रविवारी.

तेवढ्यात फुलचंद शेठना तहान लागली. ते पाणी प्यायले आणि तांब्या ठेवायला जागा शोधू लागले. काउंटरवर उताणा पडलेला टॅबलेट मधे येत होता. त्यांनी तो उचलून सरळ केला आणि त्याच्या मागे तांब्या ठेवला.

टॅबलेट उभा राहिला.

सुंदरबाई उठल्या, चार पावलं मागे गेल्या, हात वर केले, गोल फिरवले. मग पुढे येऊन कोपराने पडदा दाबला. टॅबलेट हलला नाही. तांब्यात अजून अर्धं पाणी होतं.

“हाऊच लेस,” सुंदरबाई म्हणाल्या. “तांब्या मन्हा घर शे.”

शेठना काय झालं ते कळलं नाही. सगळे आपल्याकडे बघतायत म्हणून ते एवढंच म्हणाले, “पाणी पाहिजे का?”

रविवारी पहाटे मी आणि सारिका सुंदरबाईंच्या घरी गेलो. प्रकरणाचा शेवट डोळ्यांनी पाहायचा असतो आणि माझी फी मांड्यांत ठरली होती. अंगणात चूल, चुलीवर पालथं खापर, समोर पाटावर टॅबलेट, मागे पाण्याने भरलेला तांब्या. पडद्यावर धुळ्याच्या ताईबाई, प्लास्टरचा पाय उशीवर.

“मधमा तो कोन शे उभा?” ताईबाई कडाडल्या. “बाजूले व्हय रे टोप्या!”

मी कानटोपी काढून बाजूला झालो. सुंदरबाईंनी पहिला मांडा हातांवर घेतला. तो फिरायला लागला, पसरायला लागला. “हायी बाजू जाड शे! आंधयी व्हयनी का? थांब... थांब... आते टाक!” मांडा खापरावर गेला, अखंड. सुंदरबाई सोमवारपासून पहिल्यांदा हसल्या. मग दुसरा, दहावा, पंचविसावा. धुळ्याहून शिव्यांचा पुरवठा सुरळीत होता.

एकतिसावा मांडा ऐन हातांवर असताना नेट गेलं.

ताईबाई तोंड उघडं ठेवून पडद्यावर थिजल्या. सुंदरबाई हात वर करून तशाच उभ्या. मांडा मोठा होत चाललेला, कागदासारखा पातळ, त्यातून चुलीतला जाळ दिसायला लागला. सारिकाने माझा हात घट्ट धरला. थांबायचं की टाकायचं, सांगणारं कुणी नव्हतं.

सुंदरबाईंनी पडद्याकडे पाहिलं. मग मांड्याकडे पाहिलं. मनगट किंचित वळवलं आणि मांडा खापरावर टाकला.

फाटला नाही. त्या दिवसातला सगळ्यात मोठा तोच झाला.

मग त्यांनी बत्तिसावा केला. तेहेतिसावाही केला. सगळे अखंड. चौतिसावा खापरावर पडला आणि पडदा हलला.

“सुंदर! आयकू वनं का?” ताईबाई घाबऱ्याघुबऱ्या ओरडल्या. “मी ‘थांब’ म्हनं व्हतं! फाटना का?”

“नही ना अक्का,” सुंदरबाई मांडा उलटत शांतपणे म्हणाल्या. “आयकू वनं. तू म्हनं तवयच टाका.”

“मंग! मन्हाबिगर तुनं काय व्हई!” ताईबाई उशीला टेकल्या आणि पुढच्या शिवीची तयारी करू लागल्या.

माझ्यातला तिसरा डोळा मात्र खाडकन उघडला. नेट तर बंद होतं! मग ‘आता टाक’ हा धुळ्याचा हुकूम पिंप्राळ्यात पोहोचला कसा? नक्कीच दुसरी, गुप्त यंत्रणा असणार. चूल? खापर? तांब्या? मी वही काढली, सुंदरबाईंकडे सरकलो आणि बारा वर्षांत प्रथमच नियम मोडून तोंड उघडलं, “मावशी, एक विचारायचं होतं...”

सारिकाने माझ्या तोंडात अख्खा मांडा कोंबला.

“भाऊ,” ती हळूच म्हणाली, “आता मात्र विचारू नका.”