माल्टाचे शेजारी

दरवर्षी मे महिन्यातल्या एका शनिवारी दुपारी आठल्येकाका फोनची वायर काढून ठेवायचे, पडदे ओढायचे आणि दाराबाहेरचं पायपुसणं आत घ्यायचे. पायपुसणं बाहेर दिसलं की माणूस घरात आहे असा लोकांचा समज होतो, असं त्यांचं म्हणणं.

न्यू जर्सीतल्या पिस्कॅटवेला मी त्यांच्या खालच्या अपार्टमेंटमध्ये राहायला आलो, तेव्हा पहिल्याच वर्षी हा प्रकार बघून माझ्या मनात नाही नाही ते आलं. वरून आधी गाणी ऐकू आली, मग परक्या उच्चारांतले आकडे, मग काकांची आरोळी, "चोर! सख्खे शेजारी, दुसरं काय!" मी धावत वर गेलो. दार फटीएवढं उघडलं.

"मंदार, तुला कोणी पाठवलं?" काकांनी विचारलं.

प्रकरण असं होतं. युरोपात दरवर्षी देशादेशांची गाण्याची स्पर्धा होते. प्रत्येक देश एक गाणं पाठवतो आणि बाकीच्यांच्या गाण्यांना गुण देतो, शेजारी देशाला जरा हात सैल सोडून. आता न्यू जर्सीत बसून आपल्याला त्याचं काय? पण काका कॉम्प्युटरवर अडखळत येणारी ती स्पर्धा श्वास रोखून बघायचे आणि जीव टाकायचे माल्टावर. माल्टा म्हणजे भूमध्य समुद्रातला टिकलीएवढा देश. काका तिथे कधी गेले नव्हते. तिथला एक माणूससुद्धा त्यांनी पाहिला नव्हता.

"मग माल्टाच का, काका?"

"चारी बाजूंना पाणी आहे रे त्याच्या. मासे मत देत नाहीत!"

माल्टाचा इतिहास त्यांना तोंडपाठ होता. पहिल्या वर्षी शेवटचा नंबर, दुसऱ्या वर्षीही शेवटचा. "ओळखच नाही ना कोणाची!" मग एकदा सोळा वर्षं तो स्पर्धेकडे फिरकलाच नाही. "रुसणारच. मी तीस वर्षं रुसलो असतो." २००२ साली दुसरा नंबर आला, पहिला लाटव्हिया. काकांनी फ्रिजवरच्या नकाशात लाटव्हियाच्या शेजाऱ्यांभोवती लाल गोल काढले. २००५ साली पुन्हा दुसरा, पहिला ग्रीस. त्या वेळी लाल पेनच संपलं.

'कोण कोणाचा शेजारी, ते आधी बघ' हे त्यांचं पालुपद. ऑफिसात कोणाला प्रमोशन मिळालं की विचारायचे, "मॅनेजर कुठला? सोलापूरचा? आणि हा बार्शीचा. झालं तर मग!" आमच्या मराठी मंडळाच्या पॉटलकमध्ये, म्हणजे घरोघरून एकेक पदार्थ आणायच्या जेवणात, कोणाच्या भाजीचं भांडं आधी रिकामं झालं, त्यावरून ते मंडळाच्या निवडणुकीचा निकाल सांगायचे. वैताग असा, की तो बरोबर यायचा.

२००६ साली माल्टाला एक गुण मिळाला. फक्त एक, आणि तो अल्बेनियानं दिला. काकांनी दोन दिवस दार उघडलं नाही. तिसऱ्या दिवशी मला म्हणाले, "चल, गाडी काढ." गावात एका अल्बेनियन माणसाचं पिझ्झाचं दुकान होतं. काकांनी काउंटरवरून त्याचे दोन्ही हात धरले आणि भरल्या डोळ्यांनी "थँक यू फॉर द वन पॉइंट" म्हणाले. इमिग्रेशनवाले आले असं समजून तो बिचारा आतून थोरल्या भावाला घेऊन आला.

त्याच वर्षी आमच्या मंडळाच्या गणपतीत गाण्याची स्पर्धा होती. दर घराला एक चिठ्ठी, तिच्यावर आवडलेल्या गायकाचं नाव लिहायचं. मग प्रत्येकाला किती मतं पडली ते माइकवर वाचायचं, अशी जुनी पद्धत. मतं मोजायला दरवर्षी काका बसायचे, आणि त्यांनीच एक नियम करून घेतला होता : मोजणाऱ्यानं मत द्यायचं नाही. त्या वर्षी सेक्रेटरी म्हणून मीही त्यांच्याबरोबर होतो.

स्पर्धेत जबलपूरची वैशाली होती. लग्न होऊन तीन महिने झालेले, व्हिसामुळे नोकरी नाही, नवरा कामासाठी परगावी. हॉलमध्ये एक कोपरा पुण्याचा, एक मुंबईचा, नागपूरवाल्यांनी तर मागच्या तीन रांगा भरलेल्या. जबलपूरचं कोणीच नव्हतं. वैशाली गायला उभी राहिली आणि दुसरं कडवं विसरली. "सॉरी हं, शुरू से म्हणते," असं म्हणून तिनं परत सुरुवात केली, तेव्हा पुण्याच्या कोपऱ्यातून हसण्याचा आवाज आला.

मागच्या खोलीत आम्ही चिठ्ठ्या मोजल्या. एकेचाळीस भरल्या. वैशालीला शून्य.

काकांनी टेबलाखाली वाकून बघितलं. मग म्हणाले, "मला गडबडीचा वास येतोय. पुन्हा मोजू. तू तेवढं पाणी घेऊन ये."

मी पाणी आणलं आणि पुन्हा मोजलं, तर चिठ्ठ्या बेचाळीस!

आता संशय घ्यायची पाळी माझी होती. जास्तीची चिठ्ठी सापडायला वेळ लागला नाही. सगळ्यांनी नुसती नावं लिहिली होती. या एका चिठ्ठीवर होतं, 'वैशाली – १ गुण'.

"काका, गुण कोणी मागितले होते?"

काकांनी चष्मा काढून हातात धरला. "आमची ही गायली होती इथे. आम्ही नवीन होतो तेव्हा. शून्य मतं पडली तिला."

सुधाकाकू मी राहायला यायच्या आधीच गेल्या होत्या. काका त्यांच्याविषयी कधी बोलत नसत.

"तुम्हाला इथे कोणी ओळखत नसेल ना तेव्हा," मी म्हणालो.

"मी ओळखत होतो ना तिला!" काका म्हणाले. "माझ्या हातात मत होतं. पण दुसरी एक बाई जास्त सुरात गायली, म्हणून मी त्या बाईला दिलं. मोठा निःपक्षपाती! घरी जाताना गाडीत हिनं विचारलं, तुम्ही कोणाला दिलंत हो? मी खरं सांगून टाकलं. त्यानंतर ती गायली नाही रे. पोळ्या लाटतानासुद्धा नाही."

बाहेरून निकालाचा कागद मागायला माणूस आला. ती चिठ्ठी बाद करणं माझं काम होतं. मला काकूंसाठी फार वाईट वाटलं, आणि काकांसाठी त्याहून जास्त. मी '१ गुण' तेवढं खोडलं आणि चिठ्ठी गठ्ठ्यात घातली.

माइकवरून नाव आलं, "वैशाली, एक मत." तशी ती खुर्चीत मागे वळली आणि ते एक मत कोणाचं असेल म्हणून एकेका रांगेकडे बघायला लागली. ज्याच्याशी नजरानजर होईल त्याच्याकडे बघून हसत होती. चारदोन जण उलट हसलेही. पुण्याच्या कोपऱ्यातल्या एक काकू उठल्या आणि तिला आपल्याबरोबर जेवायला घेऊन गेल्या.

पुढच्या वर्षी ती पुन्हा गायली. दुसरं कडवं पुन्हा विसरली. त्या वर्षी काकांनी मोजणीला बसायला साफ नकार दिला होता. यामागे काय राजकारण आहे, असं कमिटीनं मला खोदून खोदून विचारलं. राजकारण कसलं आलंय! काकांना मत द्यायचं होतं.