निमिषची गाडी आणि चाळीचा फळा

माणसाने व्हिडीओ कॉलवर कधीही 'त्यात काय!' असं म्हणू नये.

माझा नातू निमिष पुण्याहून बोलत होता. वय वर्षं आठ. (बोलत होता म्हणजे फोन उशीला टेकवून तो पलंगावर उड्या मारत होता. मला फक्त गुडघे दिसत होते.) मध्येच गुडघे थांबले आणि त्याने विचारलं, "आजोबा, तुम्हाला गो-कार्ट बनवता येते?"

"त्यात काय!" मी म्हटलं. "तुझ्याएवढा होतो तेव्हा काळाचौकीत बेअरिंगची गाडी पळवायचो मी. अख्खी गल्ली बाजूला व्हायची."

"मग बनवा. झाली तर मी सुट्टीत मुंबईला येतो. नाही झाली तर माझा स्विमिंगचा कॅम्प आहे."

आता खरं सांगायचं तर गाडी बनवायचा नाना कदम आणि पळवायचाही नानाच. मी मागून ढकलायचो. आमचं आडनाव मेस्त्री, आजोबा मालवणात नामांकित सुतार, पण ती कला घाट चढताना गाडीतून पडली असावी. मी सदतीस वर्षं एका ऑफिसात आवक-जावक क्लार्क होतो. आयुष्यात एकच खिळा ठोकला, तोही कॅलेंडरसाठी, आणि तो अंगठ्याला जास्त लागला.

पण निमिष यायला हवा होता. कारण सांगतो. दुसऱ्या बाळाच्या वेळी सूनबाई शेफालीला मदत म्हणून आमची ललिता दोन महिन्यांसाठी पुण्याला गेली, त्याला आता सात महिने झाले होते. जाताना म्हणाली होती, "अहो, तुम्हीपण चला." मी म्हटलं, "बघू." नवऱ्याने जरा भाव खावा म्हणून म्हटलं होतं. बायकोने ते खरं मानलं. तेव्हापासून टॉवरच्या बाविसाव्या मजल्यावर मी एकटा.

जुन्या चाळीत मी शिंकलो की चार खोल्यांमधून "काढा घे रे दौलत!" असा आवाज यायचा. चाळ पाडून त्याच जागी हा टॉवर झाला. इथे एकदा मी मुद्दाम दार उघडं ठेवून जोरात शिंकलो. सिक्युरिटीने इंटरकॉमवर कळवलं, "सर, तुमचं दार उघडं राहिलंय." बाकी दिवसभर मला फोन येतात ते कर्ज हवंय का विचारणाऱ्या मुलींचे. त्यातल्या एकीशी मी परवा पंधरा मिनिटं बोललो. शेवटी तिनेच फोन ठेवला.

तर गाडी. मी नियोजनाला बसलो. क्लार्क माणूस, आधी कागदावर समास आखला. मग गाडीचं चित्र काढलं. ते कल्पेशला, म्हणजे माझ्या मुलाला पाठवलं. त्याचं उत्तर आलं, "बाबा, चप्पल कोणाची?"

सामान मात्र मी झकास जमवलं. बाबा मिलमध्ये फिटर होते. त्यांनी आणलेली चार बेअरिंगं बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात, तेलाच्या फडक्यात गुंडाळलेली, तशीच निघाली. एक बोटाने फिरवलं तर किती वेळ फिरत राहिलं. मी ते थांबेपर्यंत बघत बसलो. मोडक्या खाटेच्या दोन पट्ट्या आस म्हणून काढल्या. वळवायला कपडे वाळत घालायची दोरी घेतली. राहिली बसायची फळी.

तळघरातल्या पार्किंगमध्ये एका कोपऱ्यात आमच्या जुन्या मंडळाचं सामान पडलेलं असतं: ढोल, गणपतीची ट्रॉली, फाटलेल्या कनाती. त्यात एक फळा सापडला. अस्सल सागवान, तीन फूट बाय दोन. चाळीच्या जिन्याखाली असे दोन फळे असायचे, मंडळाच्या सूचना लिहायला. वरच्या अर्ध्या भागावर जुने कागद खळीने चिकटवलेले होते, थरावर थर. नानाकडे मंडळाचा कारभार असतो. त्याला फोन केला तर म्हणाला, "घेऊन जा रे, नायतर भंगारातच जाणार."

शनिवारी सकाळी मी फळा वर आणला, धुतला, कागद भिजवले. म्हटलं, वाळले की आपोआप सुटतील. फळा लिफ्टसमोर, माझ्या दाराशेजारी उभा करून ठेवला. पण आमचे सफाईवाले फार तत्पर. बाहेर ठेवलेली वस्तू दहा मिनिटांत गायब. (माझी एक छत्री अशीच गेली.) म्हणून मी पांढऱ्या ऑइलपेंटने, कागदाखालच्या मोकळ्या जागेत, ऑफिसच्या वळणदार अक्षरात लिहिलं:

दौलत मेस्त्री, फ्लॅट २२०४.
दुपारी बारा वाजता खाली नेणार.
कृपया तोवर हलवू नये.

आणि निश्चिंत मनाने तळघरात बेअरिंगं बसवायला गेलो.

तळघरात मोबाईलला रेंज नसते. तीन तास मी ठोकाठोकी केली. ग्रीस कोपरापर्यंत, मग गालापर्यंत, मग टकलापर्यंत गेलं. भुसा नाकात जाऊ नये म्हणून तोंडाला रुमाल बांधला होता. पावणेबाराला सांगाडा उभा राहिला. एकदा ढकलून पाहिला. सरळ गेला हो! मी एकटाच टाळ्या वाजवल्या आणि फळी आणायला वर निघालो.

बाविसाव्या मजल्यावर लिफ्टचं दार उघडलं तर समोर ही गर्दी. पंधरा-वीस माणसं, सगळी खाली बघणारी. भिंतीकडेला चपलांचा ढीग. आपण चाळीत वाढलेलो, असं दृश्य ओळखायला वेळ लागत नाही. मीही हात पुढे बांधून गुपचूप मागे उभा राहिलो. शेजारी समोरच्या फ्लॅटमधला वैभव होता. त्याला हळूच विचारलं, "कोण गेलं?"

"२२०४ मधले काका."

"अरेरे. कशाने?"

"माहीत नाही. एकटेच असायचे बहुतेक."

"स्वभावाने कसे होते?"

"शांत असावेत. कधी आवाज नाही आला." त्याने जरा ओशाळून माझ्याकडे बघितलं. "खरं सांगू का, दीड वर्ष मी समोर राहतोय, पण चेहरा नाही आठवत."

मला गलबलून आलं. म्हटलं, काय हे जगणं! कोण बिचारा असेल, शेवटी पाणी द्यायला तरी कोणी होतं की नाही... आणि मग तो आकडा डोक्यात शिरला. मी खिशातली किल्ली काढली. बिल्ल्यावर २२०४ होतं.

माणसांच्या फटीतून मी पुढे पाहिलं. फळा होता तिथेच होता, पण कागद सुटून खाली पडले होते. त्यांच्या मागून, पेंटरच्या सुरेख लाल अक्षरांत, कायमचं रंगवलेलं शीर्षक वर आलं होतं: 'दुःखद निधन'. खाली माझं नाव, मला नेण्याची वेळ, आणि तोवर हलवू नये अशी विनंती. जिन्याखालच्या दोन फळ्यांपैकी दुसऱ्यावर 'हार्दिक अभिनंदन' होतं. पण तो फळा माझ्या हाती लागला तर मी दौलत मेस्त्री कसला?

माझ्या बंद दाराच्या कडीला नाना कदम हार अडकवत होता; फळा मीच नेलाय हे तो धक्क्याने साफ विसरला असावा. (आत मी आहे या समजुतीने किल्लीवाल्याची वाट बघणं चाललं होतं.) डोळे पुसत होता. साठ वर्षांच्या ओळखीत मी नानाला रडताना पहिल्यांदा बघितलं. मी रुमाल खाली केला आणि म्हटलं, "नाना."

नाना वळला. हार खाली पडला. "दौल्या! मेल्या, तू जितो आसस? हंय काय करतस?"

"राहतो," मी म्हटलं.

मग जो गोंधळ झाला तो विचारू नका. एक बाई किंचाळली. नानाने आधी मला मिठी मारली, मग एक धपाटा घातला, मग स्वतःच्या सदऱ्याला लागलेलं ग्रीस बघून आणखी एक घातला. सांगून ठेवलेली शववाहिनी रद्द करायला तो फोनवर ओरडत होता, "नको, नको! माणूस उठलाय!" नानाच्या बायकोने रिवाजाप्रमाणे डबा आणला होता. मयताच्या घरी चूल पेटवायची नसते ना. सगळे आत आले, जमिनीवर बसले आणि माझ्या मरणाचं पिठलं-भात मी दोनदा वाढून घेतलं. सात महिन्यांनी आयतं, गरम, लसणीची फोडणी दिलेलं! वैभवने पाणी आणून दिलं. कोणी बाबांची आठवण काढली. मी शिंकलो तर तिघे एकदम म्हणाले, "काढा घे."

तीन वाजता सगळे उठले. चपला गेल्या, लिफ्ट खाली गेली. मी पानं गोळा केली. खोटं कशाला बोलू, त्या क्षणी मला जिवंत असल्याचं थोडं वाईटच वाटलं.

मग मोबाईल बघितला. एकतीस मिस्ड कॉल. नानाने सकाळीच ललिताला कळवलं होतं, "वहिनी, असाल तशा निघा," आणि दुपारी मी उठल्याचंही. मी घाईघाईने फोन लावला.

"गेलेला माणूस फोन उचलत नाही, हे मी समजू शकते," ललिता म्हणाली. आवाज रडून बसला होता. "तुम्ही का उचलत नव्हता?" मी म्हटलं, "तळघरात रेंज नसते."

ती, कल्पेश आणि निमिष तेव्हा खोपोलीच्या पुढे आले होते. संध्याकाळी घरी पोचले. ललिताने मला आपादमस्तक न्याहाळलं आणि म्हणाली, "किती वाळलात." निमिषने विचारलं, "गाडी झाली का?"

रविवारी सकाळी नानाने येऊन माझे सगळे खिळे काढले आणि पुन्हा ठोकले. फळा उलटा करून बसवला, अक्षरं खाली. निमिष तळघरात दोन तास गाडी पळवत होता. मी मागून ढकलत होतो. इतकं सुख मला अलीकडे कधी मिळालं नव्हतं.

दुपारी निघायची वेळ झाली. बाळ शेफालीजवळ असल्याने ललिताला परत जाणं भागच होतं. "तुम्हीपण चला," ती म्हणाली. या खेपेला मी 'बघू' म्हटलं नाही. पाच मिनिटांत बॅग भरली, गॅस बंद केला, दाराला कुलूप घातलं.

खाली आलो तर कल्पेश घामाघूम. गो-कार्ट डिकीत मावेना. शेवटी ती मागच्या सीटवर, निमिषच्या शेजारी, उभी करून बसली. म्हणजे माझ्या जागेवर.

"गाडी पुढच्या वेळी नेऊ," कल्पेश म्हणाला. निमिषने भोकाड पसरलं. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

"त्यात काय!" मी म्हटलं. "मी उद्या एसटीने येतो."

"नक्की?" ललिताने काच खाली करून विचारलं. "पहिल्या गाडीने या." मी मान हलवली.

गाडी फाटकातून बाहेर पडली. मागच्या काचेला टेकून उभ्या असलेल्या फळ्यावर, पुण्यापर्यंत सगळ्यांना वाचता येईल असं, ठसठशीत दिसत होतं: 'दुःखद निधन. दौलत मेस्त्री.' फाटकावरचा वॉचमन कालच कामाला लागलेला. त्याने ते अक्षर-अक्षर वाचलं, टोपी काढली, हात जोडले. मग बॅग घेऊन उभ्या असलेल्या माझ्याकडे वळून हळू आवाजात म्हणाला, "अंकल, आप उनके कौन लगते थे?"

मी बॅग या हातातून त्या हातात घेतली.

"पडोसी," मी म्हटलं. "पण चेहरा नाही आठवत."